तिसरी घंटा आणि वडा

तिसरी घंटा झाली तरी मोरेश्वरराव नाट्यगृहातल्या वड्याच्या रांगेतच होते. मध्यंतरानंतर पडदा उघडताच लेकीचा, केतकीचा, नाटकातला एकमेव प्रवेश होता. "अहो, आज वडा राहू द्या," बायकोने बजावलं होतं. पण मध्यंतरातल्या वड्याशिवाय कसलं नाटक?

पुढच्या गृहस्थाने अख्ख्या सोसायटीसाठी वडे मागितले. मोरेश्वररावांचं डोकं सणकलं, पण आता रांग सोडवेना.

अखेर वडा घेऊन ते धावले, तर दारावरचा माणूस आडवा आला. "खाणं आत न्यायचं नाही, काका."

चिडून त्यांनी तो कढत वडा अख्खाच तोंडात कोंबला. पोळल्या तोंडाने आत शिरले, तेव्हा टाळ्या वाजत होत्या आणि केतकी विंगेत दिसेनाशी होत होती.

त्यांचे डबडबलेले डोळे पाहून बायकोने हात हातात घेतला. "मलाही रडू आवरलं नाही हो!"