द्रोणाचार्यांचं मरण लांबलं

कुंदापूरच्या देवळातल्या दुपारच्या यक्षगानात, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात, परमय्या द्रोणाचार्य झाले होते. यात नटांनी संवाद उभ्या उभ्या मनानेच रचायचे असतात, आणि "देव मला जीभ देताना माप विसरला," असं परमय्या स्वतःच हसून सांगत.

"अश्वत्थामा मेला," धर्मराजाने घसा बसेपर्यंत सांगितलं. पण मुलगा मेल्याचं पटल्याशिवाय धनुष्य ठेवतील ते द्रोण कसले! "धर्मा, नुसत्या शब्दावर मी मरू? साक्षीदार आण!" परमय्या गरजले. तिकडे जेवणाची पानं मांडून झाली होती. आपण ताणतोय हे त्यांना कळत होतं, पण नवा मुद्दा सुचल्यावर गप्प बसवेना.



तेवढ्यात पहिल्या रांगेतून त्यांचा मुलगा उठून ओरडला, "अप्पय्या, मेलोय मी! ठेवा आता ते धनुष्य, पायस गार होतंय!"