बाळाला लागलं का?

सिंगापूरच्या यिशुन भागातल्या घरून प्रयोगशाळेत यायला निघाल्यापासून प्रियदर्शिनीने फोन चौदा वेळा उघडून बंद केला होता. दुसऱ्या प्रयोगशाळेतली नोकरी हवी की नको, हे आज शनिवारी बाराच्या आत कळवायचं होतं. अकरा वाजून गेले तरी 'हो' लिहायला बोट धजावेना.

इथल्या प्रमुखांना, पद्मनाभ सरांना सोडायचं कसं? तीन वर्षांत एकाही शोधनिबंधावर तिचं नाव पहिलं आलं नव्हतं, हे खरंच. पण बुद्धपौर्णिमेला आठवणीने खीर आणणारे सरच. आईच्या गुडघ्याची चौकशी करणारेही तेच. काल तिने नोकरीचं सांगितलं, तर "विचार कर" एवढंच म्हणाले.

"कळतं का तुला काही?" सरांचा आवाज अचानक चढला. सुट्टी म्हणून बरोबर आलेल्या त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीने, श्रियाने काचपट्ट्यांचा ट्रे सरकवला होता. एकही पट्टी फुटली नव्हती. सरांनी तिला दंडाला धरून खसकन बाजूला ओढलं, स्टुलावर आदळलं. "प्रियाताईची तीन महिन्यांची मेहनत आहे ती!"

मग प्रियदर्शिनीकडे वळून हळूच म्हणाले, "माफ कर गं. मुली काय, घरोघरी असतात. तुझ्यासारखं माणूस कुठून आणू?" आणि केबिनमध्ये निघून गेले.

प्रियदर्शिनीचे डोळे भरून आले. तिने फोनवर 'नाही' लिहायला घेतलं.

बाटल्या धुणाऱ्या मिसेस लिआँग आपल्या इंग्रजीत पुटपुटल्या, "लिऊ बेईने पोर आपटलं."

"म्हणजे?"

"आम्हा कँटनीज लोकांची म्हण. लिऊ बेई राजाचं तान्हं पोर सरदाराने लढाईतून वाचवून आणलं. राजाने ते जमिनीवर टाकलं. म्हणाला, याच्यापायी माझा सरदार गेला असता! सरदार ढसाढसा रडला. मग जन्मभर राबला."

"आणि बाळाला लागलं का?"

"ते कुणी विचारत नाही, लाह," त्या सिंगापुरी ढंगात म्हणाल्या.

प्रियदर्शिनी उठली. श्रियासमोर गुडघ्यांवर बसली. "लागलं का गं?"

"नो, आंटी. लास्ट टाइम पण पप्पा असंच ओरडले. कुशल अंकलसाठी."

गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियाला निघालेला आणि ऐनवेळी इथेच थांबलेला कुशल शेजारच्याच टेबलापाशी होता. त्याने मान वर केली नाही.

पोरीच्या दंडावर चार बोटं लाल उमटली होती. प्रियदर्शिनीने 'नाही' खोडून 'हो' पाठवलं, आणि बर्फ आणायला गेली.