गच्चीवरचे सत्तेचाळीस

सलग दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस. मनोहररावांनी मोबाईल डोळ्यांजवळ आणला, मग लांब धरला, तरी सत्तेचाळीसच.

"पेपरात त्रेचाळीस आहे वं. हे यंत्र खोटं बोलून राहिलं."

"असन," गोपिकाबाई कणीक मळत म्हणाल्या. "यंत्रच ते."

गच्चीवरचं हे हवामान यंत्र मुलानं, ऋषिकेशनं, दिवाळीत पुण्याहून येऊन बसवलं होतं. सेटिंग-बिटिंग सगळी त्याचीच. आकडा मात्र बापलेक दोघांच्याही मोबाईलवर दिसायचा. त्याआधीच्या मे महिन्यात मनोहररावांना ऊन लागलं होतं. भर दुपारी गच्चीवर आडवे पडलेले गोपिकाबाईंना सापडले, नऊ दिवस दवाखाना झाला. तेव्हापासून मुलाचं एकच टुमणं, उन्हाळाभर पुण्याला या. म्हाताऱ्याचा एकच हेका, महाल भागातलं घर सोडणार नाही. एकदा गेलो की घराचं कुलूप निघायचं नाही, ही त्यांची धास्ती. आणि तिथं मुलाच्या अकराव्या मजल्यावर बसून करायचं तरी काय? शेवटी वैतागून बोलून बसले, "पंचेचाळीसच्या वर सलग तीन दिवस गेलं तर येतो. माहा शब्द."

एकतीस वर्षं त्यांनी एका कृषी महाविद्यालयाच्या वेधशाळेत तापमान नोंदलं होतं. माणसाचं ऐकू नये, आकड्याचं ऐकावं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायकोचं म्हणणंही त्यांनी चाळीस वर्षं त्याच हिशेबानं ऐकलं.

त्या दुपारी डोक्याला ओला दुपट्टा बांधून ते गच्चीवर चढले. सिमेंट तापतं म्हणून यंत्र उंच बांबूवर बांधलं, वर पांढऱ्या फडक्याची सावली केली. खाली आले ते धापा टाकत, पायरीवरच बसले. आकडा दोन दशांशांनी उतरला होता. एवढ्या खटाटोपाला दोन दशांश!

गोपिकाबाईंनी पन्ह्याचा गिलास पुढे केला. "पुन्हा चढू नका जी."

"मंग काय पुण्याले जाऊ?"

"म्या म्हटलं का काही?"

संध्याकाळी इतवारीच्या बाजारात जाऊन, हातगाड्यांच्या गर्दीत धक्के खात, ते काचेचा तापमापक घेऊन आले. "उद्या दोन वाजता दोन्ही आकडे बाजूबाजूले ठेवतो. दूध का दूध, पानी का पानी होऊन जाईन!" पुष्कळ दिवसांनी ते पोटभर जेवले.

सकाळी गोपिकाबाई जाळी-जळमटं काढत होत्या. झाडूचा दांडा लागला, खिळ्यावरचा तापमापक फरशीवर पडला. खळ्ळ!

"अगं बाई! कसा लागला जी हा दांडा!" त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मनोहरराव रागावलेसुद्धा नाहीत. काचा बघत उभे राहिले. "जाऊ दे. सांभाळून उचल, पायात घुसन."

पुन्हा इतवारीत जायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. दोन वाजता मोबाईल पाहिला. सत्तेचाळीस पूर्णांक एक.

कूलर घरघरत होता. अंगणाकडे बघताना त्यांना भडभडून आलं, ते त्यांनी लपवलंही नाही.

"बांबूवर टांगा, सावलीत ठेवा, ते तेच दाखवते. ताडून पाहाले आता दुसरं काही नाही. आकडा आकडाच असते वं, आन् शब्द माहाच व्हता." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "थकलो मी. भर बॅगा."

"खरंच?"

"खरंच. ऋषीले सांग. मी ताराचंदले तुळशीच्या पाण्याचं सांगून येतो."

चपला पायात सरकवून ते शेजारच्या ताराचंदकडे गेले. फाटकाची कडी वाजली. गोपिकाबाईंनी पदराला हात पुसले आणि फोन लावला.

"ऋषी? हो म्हणाले तुहे बाबा. तिकिटं काढ. आन् आयक, तू चढवून ठेवलेले ते चार डिग्री गाडीनं वर्धा सोडल्यावरच काढजो."