एका पोरीसाठी

मोबाईलवर शिकलेल्या इंग्रजीच्या जोरावर वालूरच्या मल्हारला लय भारी काम लागलं होतं. अमेरिकेतल्या एका सरकारी शाळेच्या तासांचे व्हिडिओ यायचे. त्यात बाई जे बोलतील ते ह्यानं घरी बसून खाली अक्षरात टाईप करायचं.

"एवढं कोण वाचतं रे?" चहाचा कप ठेवत नर्मदाबाईनं विचारलं.

"त्या वर्गात एक बहिरी पोरगी हाय, आई. तिच्यासाठी."

"एका पोरीसाठी एवढा कुटाणा?"

"कायदाच हाय तिथं! ऐकू येत न्हाई म्हणून लेकराला घरी बसवता येत न्हाई. बाकीच्या पोरांसंगं त्याच वर्गात बसवायचं, अन् लागंल ते शाळेनं करायचं."

"बरं हाय बाबा तिचं," आई म्हणाली. "तिच्या घरी शेळ्या नसतील."

मल्हारची बोटं जागीच थांबली. हे काम लागेपर्यंत शेळ्या तोच चारायचा. आता धाकटी बहीण चंदा न्यायची. "तशीबी शाळेत बसून काय करती ती?" असं म्हणून त्यानंच तिची शाळा सोडवली होती.

तो उठून दारात आला. शाळेचाच जुना ड्रेस घालून चंदा शेळ्यांमागं निघाली होती.

"चंदे, थांब! शेळ्या मी नेतो, तू शाळेत जा!" भान सुटल्यागत तो ओरडला.


शेळ्या थबकून मागं बघाय लागल्या. जन्मापासून ऐकू न येणारी चंदा मात्र चालतच राहिली.