जंगलातली बालवाडी

"चिखलातच लोळवायचं तर आपलं रान काय वाईट हाय?" पार्वतीबाईंनी टीव्हीकडं हात केला. "त्यासाठी इमानात बसून कामून जायचं?"

टीव्हीवर जर्मनीतल्या स्टुटगार्टजवळच्या एका बालवाडीचा व्हिडिओ चालू होता. गोरी पोरं भर पावसात झाडाखाली बसून डबा खात होती. बालवाडीला ना भिंती होत्या, ना छप्पर.

राजेश्रीनं नवऱ्याकडं बघितलं. दोघांनी मिळून लेकीसाठी तिकडच्या तीन बालवाड्या निवडल्या होत्या. तिला घराजवळची, नगरपालिकेची पसंत होती. आणि या गृहस्थानं आईला दाखवायला नेमकी जंगलातली उघडली! माणूस भोळा असावा, पण त्यालाही काही माप असतं.

"अहो, दुसरी दाखवा ना."

गोपाळनं दुसरी लावली. तिथं एक बाई पोरांच्या ताटात काहीतरी लांबट, तांबूस वाढत होती.

"ते काय हाय रं?"

"मांस आहे, आई," गोपाळ म्हणाला. "डुकराचं."

पार्वतीबाई नाकाला पदर लावून उठून गेल्या. नगरपालिकेची बालवाडी बघायची राहूनच गेली. ती लागेचना; गोपाळ म्हणाला, राणीसावरगावात नेटचं हे असंच आहे.

भक्ती वर्षाची असताना राजेश्री तिला सासूपाशी ठेवून गेली होती. नवा देश, दोघांच्या नोकऱ्या, लेकरू आजारी पडलं तर बघणार कोण, असं गोपाळचं म्हणणं पडलं. आता भक्ती चार वर्षांची होत आली होती आणि दोघं तिला न्यायला आली होती. नगरपालिकेच्या बालवाडीला शुक्रवारपर्यंत होकार कळवला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. जागा गेली की पोरीला नेऊन दिवसभर ठेवायचं कुठं, हा प्रश्न होता.

भक्ती तिला 'फोनातली मम्मी' म्हणायची. जवळ घेतलं की अंग चोरायची. राजेश्रीच्या काळजाला त्यानं घरं पडायची, आणि हे सगळं सासूनंच शिकवलंय यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

मग घरात ठिणगी पडायला काय लागतं? पार्वतीबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "आमी बाई लेकरं मांडीवर वाढवली, फोनवर न्हाई." राजेश्रीही काही कमी नव्हती. सासूनं पोरीच्या गालाला तीट लावली की ती सासूसमोरच ओल्या रुमालानं पुसून टाकायची. तिनं केलेली भाजी सासू ताटाच्या कडेला सारायची. दोघी एकमेकींना पाण्यात बघत होत्या. एक मात्र होतं, टोमणा मारताना पार्वतीबाई सुनेकडं बघायच्या नाहीत. त्यांची नजर गोपाळकडं असायची. लेकाच्या जिवावर उड्या मारायलीय म्हातारी, असं राजेश्री मनात म्हणायची.

संध्याकाळी गोपाळ आईला समजवायला म्हणून मळ्याकडं फिरायला न्यायचा. आई परत यायची ती आणखीच धार लावून. बिचारा गोपाळ! पालथ्या घड्यावर पाणी घालत होता. राजेश्रीला त्याची कीव यायची.

शुक्रवारी सकाळी पार्वतीबाई अंगणात भक्तीची वेणी घालत बसल्या होत्या. राजेश्री फोन घेऊनच बाहेर आली.

"आत्या, आज बालवाडीला कळवायचं आहे. मी हो म्हणून कळवायलेय."

"पोर जाणार न्हाई."

"मी आई हाय तिची."

"आई?" पार्वतीबाईंनी वेणीला पीळ दिला. "मग सांग बरं, पहिली दाढ वर आली का खाली?"

दाढ आली तेव्हा राजेश्री तिकडं परदेशात होती. एवढा राग तिला जन्मात कुणाचा आला नव्हता.

गोपाळ ओट्यावरून उतरून खाली आला. "शांत हो," तो राजेश्रीला मऊ आवाजात म्हणाला. "आई एवढी म्हणायलीय तर राहू दे अजून वर्षभर. पोरीवाचून करमत नसेल तर तूही थांब. नोकरी काय, परत मिळेल. तिकडचं मी बघतो. तुझ्या मनाविरुद्ध काही नाही हं."

"थांबते!" राजेश्री ओरडली, पण ती सासूवर. "ऐकलं का आत्या? पोर नाही तर मीबी नाही. इथंच राहते, तुमच्या उरावर बसून! बघते, माझं लेकरू मला आई कसं म्हणत नाही ते. खोटं वाटायलंय? लेकराची शपथ घेते."

तिनं भक्तीच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या घरात अशी शपथ कुणी उठसूट घेत नसे. घेतली की मोडता येत नाही आणि मोडली तर ती लेकराला बाधते, असं सगळेच मानत. खरं तर गोपाळनंच पुढं होऊन तिला अडवायला हवं होतं. तो जागचा हलला नाही.

अडवलं पार्वतीबाईंनी. फणी टाकून त्यांनी सुनेचं मनगट धरलं. आता ही मारते का काय, असं राजेश्रीला वाटलं. पण बाईंच्या तोंडावरचा रंग उडाला होता आणि पहिल्यांदाच त्या सरळ तिच्याकडं बघत होत्या.

"हात काढ पोरी, शपथ घेऊ नको," त्या म्हणाल्या. "चिडून तू इथंच राहावं, म्हणून तर गोपाळनं मला तुझ्याशी भांडायला लावलंय."