म्हसोबाच्या वळणावर

घाटात म्हसोबाच्या देवळाशी गाडी आपोआप कडेला थांबली आणि पाच मिनिटांत पोलिसांची टोइंग व्हॅन हजर झाली, तेव्हा दामूअण्णा ढमाल्यांचं डोकंच फिरलं.

"कुणी बोलावलं तुम्हाला?"

"तुमच्या गाडीनंच, अण्णा," हवालदार शेलारबाई म्हणाल्या.

"ठणठणीत आहे ती! हे बघा." अण्णांनी बटण दाबलं. गाडी लगेच सुरू झाली. "आता बोला! धडधाकट गाडी ओढून न्यायला मोगलाई लागून गेलीये का?"

शेलारबाई खिडकीशी वाकल्या. "इथून जाताना तुम्ही स्टिअरिंग सोडून म्हसोबाला हात जोडता आणि तेवढं वळण गाडी सांभाळते. खरं ना?"

"अकरा वर्षं! आजही जोडले."

"गाडी म्हणते, आज एकच हात वर आला."

"काहीतरीच!"

"मग जोडून दाखवा."

बाईंच्या मागे दोघं जण व्हॅनच्या मागोमाग आलेल्या अँब्युलन्समधून स्ट्रेचर उतरवत होते. ते कशाला, हे अण्णांना कळेना. ते तावातावानं देवळाकडे वळले आणि त्यांनी हात जोडले.

उजवा हात छातीशी आला आणि डाव्याची वाट बघत तसाच राहिला.