पाठीमागची बोटं
टक्कन भाताच्या कुकरचं बटण उडालं आणि सोयाबीनचं टेम्पे चिरणाऱ्या सासूबाईंनी विडुरीला विचारलं. "हिचं लग्न माझ्या मुलाशी झालंय की तुझ्याशी गं?" विडुरी हसली. "नवऱ्याशीच, काकू. माझ्या वाट्याला नुसती कटकट." मला लेक व्हायच्या आधीची पाच वर्षं विडुरी आणि मी बॅडमिंटनची दुहेरी खेळलो होतो. आता प्रशिक्षकांनी मला जकार्ताच्या शिबिरात परत बोलावलं होतं, पण चार वर्षांच्या सेकारला सांभाळायला सासूबाई हो म्हणाल्या तरच मी जाऊ शकणार होते. "दर रविवारी घरी येईल ना?" त्यांनी विचारलं. "अहो, बोगोरहून जकार्ता ते काय, तासाभरावर! दर रविवारी तुमच्या हातचं जेवायला दोघी येऊ," विडुरी म्हणाली. पुढच्या महिन्यापासून पाच महिने परदेशातल्या स्पर्धा आहेत, हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. मी सेकारला कडेवर घेऊन विडुरीच्या मागे उभी होते. कोर्टवरच्या सवयीने तिचा हात आपसूक पाठीमागे गेला आणि दोन बोटं उघडली. सर्व्हिसआधीची आमची खूण: दाखवायचं जवळचं, मारायचं लांब. सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "बरं, जाऊ दे तिला." मी पुढे होऊन त्यांचा हात आदराने माझ्या कपाळाला लावला. अंगणात फुगा खेळताना या खुणा मीच सेकारला शिकवल्या होत्या. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि हळूच विचारलं, "आई, तू किती लांब जाणार?"